पूर्वजांना कोण जेवू घालणार? याओ लोक आणि त्यांच्यातलं ख्रिस्ती मिशन, सोप्या भाषेत

याओ म्हटलं की आधी एक गोंधळ बाजूला करायला हवा, कारण या नावाने शोधलं की दोन वेगळेच समाज एकत्र येतात. एक याओ आफ्रिकेतले, मलावी, मोझांबिक, टांझानिया या भागातले, त्यातले बहुतेक मुस्लिम, त्यांच्याबद्दल इथे काही नाही. आपण बोलतोय ते दक्षिण चीनच्या डोंगरांत राहणाऱ्या आणि तिथून खाली व्हिएतनाम, लाओस, थायलंडपर्यंत पसरलेल्या याओंबद्दल, आणि त्यातही मुख्य म्हणजे थायलंडमधल्या मिएन नावाच्या समाजाबद्दल, जो तिथे जेमतेम ४०-४५ हजारांचा आहे. या लोकांत ख्रिस्ती मिशन गेलं, वर्षानुवर्षं तिथे राहिलं, आणि शेजारच्या काही डोंगरी समाजांच्या मानाने फार हळू पुढे सरकलं. असं का झालं हे बघायला लागलं ना, की धर्मांतराबद्दल आपल्याकडे कायम ऐकू येणारे दोन सूर, एक ‘आमिष दाखवून बाटवलं’ आणि दुसरा ‘अंधारातून उजेडात आणलं’, दोन्ही तोकडे पडतात.

पण त्याआधी याओ म्हणजे नक्की कोण? चीन सरकारच्या यादीत एकूण ५६ समाज आहेत, त्यातला एक याओ, आणि २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या ३३ लाखांच्या घरात होती. मग यात छोटे समाज कुठून आले? तर या एका नावाखाली अनेक छोटे समाज बसवलेत आणि त्यांच्या भाषासुद्धा एका घराण्यातल्या नाहीत. सगळ्यात मोठा गट मिएन, त्यांची भाषा आणि किम मुन ही एकमेकींच्या जवळच्या. बुनु म्हणून जे याओ आहेत त्यांची भाषा म्याओ म्हणजे ह्मोंग लोकांच्या भाषेच्या जास्त जवळची. आणि लाक्या बोलणारे याओ तर तिसऱ्याच कुळातले, त्यांची भाषा थाई-च्वांग वगैरे भाषांच्या नात्यातली. म्हणजे दोन याओ माणसं समोरासमोर आली तर एकमेकांशी चिनीत बोलावं लागेल अशी स्थिती.

ग्वांगशी प्रांतात दायाओशान म्हणून डोंगररांग आहे, तिथे हे सगळं एकाच जागी बघायला मिळतं. त्या एका डोंगरात याओंचे पाच गट राहतात, चाशान, ह्वालान, आओ, पान आणि शानझ. यातले पहिले तीन जमिनीचे आणि जंगलाचे मालक, उरलेले दोन त्यांची कुळं, भाड्याने डोंगर कसणारे. लाक्या बोलणारे ते हे चाशान. बाहेरच्या माणसाला सगळेच याओ, पण आत मालक कोण आणि कूळ कोण हे पक्कं ठरलेलं, आणि हा भेद १९५१ मध्ये सगळ्या गटांनी मिळून करार केला तेव्हा कुठे मोडायला लागला.

हे आपल्याला नीट कळलं ते फेइ श्याओथोंग आणि वांग तोंगह्वी या नवरा-बायकोमुळे. १९३५ साली नुकतंच लग्न झालेलं हे जोडपं या डोंगरात अभ्यासाला गेलं. डिसेंबरात एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना वाट चुकली आणि फेइ वाघासाठी लावलेल्या सापळ्यात सापडले, अंगावर दगड आले, उठता येईना. वांग मदत आणायला म्हणून जंगलात पळाल्या त्या परत आल्याच नाहीत, काही दिवसांनी ओढ्यात त्यांचा मृतदेह सापडला. फेइ वाचले आणि बायकोने ह्वालान याओंबद्दल जमवलेली माहिती त्यांनी पुढच्या वर्षी तिच्या नावाने छापून आणली. पुढे ते चीनचे सगळ्यात मोठे समाजशास्त्रज्ञ झाले, आणि १९७८ मध्ये, सत्तरीला टेकलेले असताना, परत त्याच डोंगरात गेले. मला हा प्रसंग मुद्दाम सांगायचा होता, कारण छोट्या समाजांबद्दल आपण दोन ओळींत जी माहिती वाचून मोकळे होतो ती कुणीतरी अशी किंमत मोजून आणलेली असते.

आता मिशनवाल्यांकडे या लोकांची जी यादी असते ती सरकारी यादीहून अगदी वेगळी असते, आणि हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांची, म्हणजे बायबल आणि धर्मप्रचार यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांची, मोठी परिषद झाली, तिथे राल्फ विंटर या अमेरिकन मिशन-अभ्यासकाने मांडलं की देशांच्या हिशोबाने विचार करू नका, समाजांच्या हिशोबाने करा, कारण एखाद्या देशात भरपूर चर्च असतील पण त्याच देशात असे समाज असू शकतात ज्यांच्या भाषेत एकही चर्च नाही. तिथून ‘न पोचलेले समाज’ मोजायची पद्धत रुळली. आज साधारण धरलेला निकष असा की ज्या समाजात इव्हँजेलिकल लोक दोन टक्क्यांहून कमी तो समाज न पोचलेला. त्यामुळे सरकारने ज्यांना एकत्र गुंडाळलं त्यांना मिशनच्या याद्या परत सुटं सुटं करतात, एका याओचे कित्येक तुकडे होतात, प्रत्येकाचं वेगळं पान, लोकसंख्या, भाषा, धर्म, आणि ख्रिस्ती किती टक्के. काही बाबतीत या याद्या सरकारपेक्षा जास्त बारकाईने बघतात हे मान्य करायला हवं, लाक्या आणि मिएन वेगळे आहेत हे तिथे स्पष्ट दिसतं. पण त्या पानांवर धर्माच्या रकान्यात एखादाच शब्द असतो, ‘पूर्वजपूजा’ किंवा ‘बहुदेवपूजा’ असा काहीतरी, आणि सगळी खरी गोष्ट त्या शब्दाच्या मागे राहून जाते.

ती गोष्ट अशी. मिएन लोकांचा धर्म म्हणजे नुसती भुताखेतांची भीती किंवा झाडा-दगडाची पूजा असं जे आपण डोंगरी समाजांबद्दल गृहीत धरतो तसं अजिबात नाही. चीनच्या ताओ धर्माचं एक जुनं रूप यांनी कित्येक शतकांपूर्वी उचललं, बहुधा सोंग राजघराण्याच्या काळात (दहावं ते तेरावं शतक) किंवा त्यानंतर, आणि आपल्या पूर्वजपूजेत असं काही मिसळून टाकलं की दोन्ही वेगळं करता येत नाही. पोथ्या चिनी अक्षरांत हाताने लिहिलेल्या. त्या वाचायच्या त्यासुद्धा रोजच्या मिएन बोलीत नाही, तर विधीसाठी राखलेल्या जुन्या दक्षिणी चिनी उच्चारात. म्हणजे डोंगरात जंगल जाळून भात आणि मका पिकवणारे, दर काही वर्षांनी गाव हलवणारे लोक, आणि त्यांच्या पाठीवरच्या टोपलीत पोथ्या. मोठ्या विधीला टांगायची देवांची चित्रं असतात, पूर्ण संचात १७-१८ लांब गुंडाळ्या, मध्ये ताओ धर्माचे तीन ‘शुद्ध’ देव, बाजूने पाताळाचे न्यायाधीश, सेनापती, निरोपे. विधी संपला की परत गुंडाळून ठेवायची, एरवी उघडी टाकायची नाहीत.

प्रत्येक घरी आणखी एक गोष्ट असते, जा-फिन दान, म्हणजे घरच्या पूर्वजांची लेखी यादी. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे आपल्या घराण्यांच्या नामावळीच्या वह्या असतात ना, तसंच काहीसं, फक्त ही यादी गुरुजींकडे नाही, स्वतःच्या घरात. आणि तिचा उपयोग नुसता माहितीसाठी नाही, विधीच्या वेळी ती वाचून एकेका पूर्वजाला नावाने बोलवायचं, जेवायला घालायचं, कागदी पैसे जाळून पोचवायचे. या यादीत जे नाव येतं ते रोजच्या वापरातलं नसतं. त्यासाठी एक संस्कार करावा लागतो, ग्वा-दांग, दिवे टांगण्याचा विधी. बांबूच्या दांडीवर तीन दिवे लावतात, माणूस तिथे बसतो, गुरू मंत्र म्हणतात, देवांच्या दरबारात त्याची नोंद होते आणि त्याला विधीचं नाव मिळतं. लग्न झालेल्या माणसाबरोबर त्याच्या बायकोचीही नोंद होते. पुढे ऐपत असेल तर सात दिव्यांचा, बारा दिव्यांचा संस्कार, तेवढा परलोकातला दर्जा वर. हा सगळा कारभार सरकारी कचेरीसारखा चालतो, देवाला अर्ज लिहायचा, शिक्का मारायचा आणि जाळायचा, म्हणजे तो वरच्या अधिकाऱ्याकडे जातो. चिनी साम्राज्याचा जो दरबार या लोकांना खाली कधी जवळ करत नव्हता, त्याच धर्तीच्या वरच्या दरबारात प्रत्येक मिएन माणसाला रीतसर जागा होती. मला तर यांच्या धर्मातली सगळ्यात मोठी ताकद हीच वाटते.

यात दत्तक मुलांचा भाग फार महत्त्वाचा आहे. मिएन कुटुंबं दुसऱ्या समाजांतली मुलं दत्तक घ्यायची, बऱ्याचदा पैसे देऊन, आणि एकदा का विधी करून मूल घरच्या पूर्वजांच्या स्वाधीन केलं की ते पूर्ण मिएन, त्याच्या रक्ताचा प्रश्न संपला. म्हणजे मिएन असणं हे जन्मापेक्षा या यादीशी बांधलेलं होतं. मग जो माणूस ही यादी सोडतो तो कोण उरतो? हा प्रश्न धर्माचा आहे तसाच ओळखीचाही आहे, आणि मिशनऱ्यांसमोर तो रोज येत असणार.

शिवाय यांची एक मूळकथा आहे, समुद्र ओलांडल्याची. दुष्काळामुळे बारा कुळं होड्यांत बसून निघाली, वादळात सापडली, किनारा दिसेना, तेव्हा त्यांनी आपल्या मूळपुरुषाला, राजा पानला, नवस केला की आम्हाला वाचव, आम्ही आणि आमची मुलंबाळं तुझं देणं फेडत राहू. होड्या किनाऱ्याला लागल्या. ते देणं अजून फेडलं जातंय. काही घराण्यांकडे यासोबत एक जुनं सनदपत्र असायचं, चिनी सम्राटाने दिलेलं असं सांगतात, बऱ्याच प्रतींवर सोंग काळातलं म्हणजे इसवी १२६० चं साल असतं, त्यात म्हटलेलं की जिथे भातखाचराचं पाणी चढत नाही ते सगळे डोंगर याओंना कसायला मोकळे, कर नाही, वेठबिगार नाही. अभ्यासक ही सनद अस्सल मानत नाहीत, पण लोकांनी ती पिढ्यानपिढ्या नकलून जपली आणि सीमा ओलांडताना बरोबर नेली. देवाशी करार, राजाशी करार, दोन्ही लेखी किंवा नवसाचे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता शेजाऱ्यांचं बघू. चीनच्या नैऋत्येला ग्वेइचौ प्रांतात सॅम्युएल पोलार्ड हे मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनरी १९०५ च्या सुमारास आ-ह्माओ नावाच्या म्याओ गटात गेले, त्यांच्या भाषेसाठी नवी लिपी बनवली, आणि बघता बघता हजारो लोक ख्रिस्ती झाले. युन्नानमध्ये जेम्स फ्रेझर १९१० मध्ये पोचले, लिसू लोकांत राहिले, आणि ब्रह्मदेशातल्या करेन समाजाचे प्रचारक बा थॉ यांच्यासोबत लिसू लिपी घडली, तिथेही गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. लाओसमध्ये १९५० च्या सुमारास ह्मोंग आणि ख्मू लोकांत अशीच लाट आली. आणि याओ? त्यांच्यात अशी लाट आली नाही.

कारण काय, तर माझं मत असं. आ-ह्माओ हे यी नावाच्या दुसऱ्या समाजातल्या जमीनदारांच्या ताब्यातले कूळ, जवळजवळ गुलाम म्हणावेत असे. त्यांच्याकडे लिपी नव्हती, ‘आमची लिपी हरवली’ अशा कथा मात्र होत्या. पुस्तक घेऊन आलेला, जमीनदाराशी भांडू शकणारा, दवाखाना आणि शाळा उघडणारा परका माणूस त्यांना एकदम तीन-चार गोष्टी देत होता ज्या त्यांच्याकडे नव्हत्याच. मिएन माणसाकडे पुस्तक होतं. लेखी देव होते, देवांचा दरबार होता, त्या दरबारात स्वतःचा दर्जा होता. त्याला मिशनरी जे द्यायला आला होता त्यातलं बरंचसं त्याच्या घरात आधीच, आणि जे सोडायला सांगत होता ते म्हणजे बाप, आजा, पणजा. प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या दृष्टीने पूर्वजांना नैवेद्य म्हणजे मूर्तिपूजा, ती थांबलीच पाहिजे. कॅथलिक चर्चने चीनमध्ये याच प्रश्नावर शंभर वर्षं भांडण केलं, १७४२ मध्ये पोपने पूर्वजविधींवर कडक बंदी घातली आणि १९३९ मध्ये ती बरीचशी उठवली, पूर्वजांना मान देणं म्हणजे पूजा नव्हे असं ठरवून. प्रोटेस्टंटांनी बहुतेक ठिकाणी ती सवलत दिली नाही. त्यामुळे मिएन घरातल्या म्हाताऱ्याला प्रश्न पडायचा तो ‘खरा देव कोणता’ हा नाही, तर मी मेल्यावर माझं नाव कोण घेणार आणि मला जेवू कोण घालणार हा, आणि त्याच्या मुलाने धर्म बदलला तर याचं उत्तर ‘कुणी नाही’ असं होतं. यात अडाणीपणा कुठेच नाही हो, हा साधा आणि खोल विचार आहे, आणि जे मिशनरी वर्षानुवर्षं गावात राहिले, भाषा शिकले, त्यांच्या हे लक्षातही आलं असणार.

आता थायलंड. मिएन लोक तिथे आले ते साधारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, चीनमधून लाओसमार्गे सरकत सरकत, नान, फयाओ, च्यांगराय या उत्तरेच्या डोंगरांत. भात, मका आणि अफू पिकवायचे. मिशन तिथे आलं ते चीनमधल्या घडामोडींमुळे. हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन काढलं होतं, चीनच्या आतल्या प्रांतांत काम करणारी ही फार मोठी संस्था. १९४९ ला कम्युनिस्ट सरकार आलं आणि पुढच्या तीन-चार वर्षांत सगळ्या परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला. आता एवढी माणसं, त्यातल्या कित्येकांना चिनी येणारी, जाणार कुठे? त्यांनी मुख्यालय सिंगापूरला हलवलं आणि थायलंड, मलाया, फिलिपीन्स अशा देशांत काम सुरू केलं, नंतर संस्थेचं नाव ओव्हरसीज मिशनरी फेलोशिप झालं. उत्तर थायलंडच्या डोंगरांत लिसू, आखा, ह्मोंग, करेन आणि मिएन यांच्यात ते १९५० च्या दशकात गेले. अमेरिकेतल्या एका वेगळ्या चर्चपंथाचं कॅलवे दांपत्यही त्याच काळात मिएन लोकांत राहत होतं.

धर्म बदलायचा निर्णय एकट्या माणसाचा नसायचा, घराचा असायचा. घरचा कर्ता तयार झाला तर घरातला देव्हारा काढायचा, म्हणजे पूर्वजांना रीतसर निरोप द्यायचा, आणि तो काढताना घरातले सगळे घाबरलेले, कारण पूर्वज चिडले तर आजारपण येतं हे लहानपणापासून ऐकलेलं. आणि जे घर तयार व्हायचं ते का तयार व्हायचं? बऱ्याच वेळा आजारपणामुळेच. घरात कुणी आजारी पडलं की गुरू सांगणार अमुक पूर्वज किंवा तमुक दैवत नाराज आहे, डुक्कर द्या, कोंबड्या द्या, मग फरक पडला नाही की आणखी एक विधी. दोन-तीन वर्षं आजारपण चाललं की घर कर्जात. आखा लोकांवर अभ्यास करणाऱ्यांनीही हेच नोंदवलंय की जुने विधी परवडेनासे झाले तेव्हा लोक ख्रिस्ती धर्माकडे वळले, तिथे बळी नाही, खर्च नाही. त्यात १९५८ मध्ये थायलंड सरकारने अफूवर बंदी जाहीर केली, डोंगरातलं रोख उत्पन्नाचं मुख्य साधन बेकायदा झालं, आणि व्यसनी माणसं मात्र राहिली. बऱ्याच जणांकडे थाई नागरिकत्वाचे कागद नव्हते, शाळा दूर होत्या. अशा वेळी औषधं देणारा, व्यसन सोडवायला मदत करणारा, मुलांना शहरात शिकायची सोय बघणारा माणूस ज्या देवाचं नाव घेतो, त्या देवाकडे लोक वळले.

इथे आपल्याकडचे लोक लगेच म्हणणार, बघा, आमिष. पण ती समुद्राची कथा आठवा. आम्हाला वाचव, आम्ही तुझं देणं फेडू, हा मिएन लोकांचा देवाशी असलेला मूळ करारच आहे, राजा पानशी सुद्धा तोच. जो संकटात उभा राहतो तो देव, ही त्यांची स्वतःची कसोटी होती आणि नव्या देवाला त्यांनी तीच लावली. मिशनरी म्हणणार की हृदयपरिवर्तन झालं, विरोधक म्हणणार की विकत घेतलं, आणि दोघंही मिएन माणसाचं डोकं कसं चालतं हे विचारतच नाहीत. आता मिशनरींची चूक नव्हतीच असं मला म्हणायचं नाही. पोथ्या आणि चित्रांकडे सैतानी वस्तू म्हणून बघायची वृत्ती मिशनरींत होती, आणि ज्या घराने ती टाकली किंवा जाळली त्या घराचं जे गेलं ते परत येणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं. फक्त हेही सांगायला हवं की चित्रांचा सगळ्यात मोठा लोंढा बाजारात आला तो युद्धाने आणि निर्वासितपणाने, १९७० च्या दशकात भुकेल्या कुटुंबांनी विकलेल्या गुंडाळ्या बँकॉकच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत लागल्या होत्या. आज म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात याओ पोथ्या २,००० हून जास्त आहेत.

मिशनमुळे एक गोष्ट मात्र झाली जिचा फायदा ख्रिस्ती नसलेल्यांनाही मिळाला, ती म्हणजे बोलीची लिपी. विचार करा, या लोकांकडे लेखन होतं पण ते विधीच्या चिनीत, आणि ते वाचणारे थोडेच, जवळजवळ सगळे पुरुष. आई मुलाशी जे बोलते ते कुणी लिहीतच नव्हतं. मिशनऱ्यांना बायबल त्या बोलीत हवं होतं, म्हणून त्यांनी थाई अक्षरांत एक पद्धत केली, रोमन अक्षरांत दुसरी. सिल्व्हिया लॉम्बार्ड यांनी जमवलेला आणि हर्बर्ट पर्नेल यांनी संपादित केलेला याओ-इंग्रजी शब्दकोश कॉर्नेल विद्यापीठाने १९६८ मध्ये छापला, तो आजही भाषाशास्त्राचे लोक वापरतात. बायबलचा दुसरा भाग, नवा करार, १९७५ मध्ये आला.

मग १९८४ मध्ये एक फार सुंदर गोष्ट घडली. तोवर अमेरिकेत गेलेले मिएन लोक आणि चीनमधले याओ अभ्यासक ग्वांगतुंग प्रांतातल्या रुयुआन इथे एकत्र बसले आणि दोन्हीकडच्या पद्धती जुळवून एक सामाईक रोमन लिपी ठरवली. शीतयुद्धात एकमेकांपासून तोडले गेलेले लोक, एका बाजूला कम्युनिस्ट देशातले विद्वान, दुसऱ्या बाजूला कम्युनिस्टांविरुद्ध लढून देशोधडीला लागलेले निर्वासित, आणि टेबलावर विषय काय तर सूर कसा दाखवायचा. मिएन भाषेत सुराने अर्थ बदलतो, त्यामुळे सूर लिहिणं भागच होतं. डोक्यावर खुणा टाकण्याऐवजी त्यांनी शब्दाच्या शेवटी एक अक्षर जोडायचं ठरवलं, ते अक्षर वाचायचं नाही, त्यावरून फक्त सूर ओळखायचा. त्यामुळे साध्या टाइपरायटरवरही लिहिता आलं आणि आता फोनवरही वेगळा कीबोर्ड लागत नाही. पूर्ण बायबल २००७ मध्ये निघालं, पण त्याच लिपीत आज लोकगीतं, पाककृती, मुलांचे धडे, आणि जुन्या धर्माचे लोक एकमेकांना निरोपही लिहितात.

अमेरिकेत हे लोक गेले कसे, ते थोडक्यात सांगतो. लाओसमधले मिएन १९६० च्या दशकात, अमेरिकेच्या सीआयएने तिथे कम्युनिस्टांविरुद्ध चालवलेल्या गुप्त युद्धात ओढले गेले, चाओ माय आणि नंतर त्यांचे भाऊ चाओ ला हे त्यांचे पुढारी. १९७५ मध्ये लाओस कम्युनिस्टांकडे गेल्यावर हजारो लोक मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आले, तिथून कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन. निर्वासितांना वसवायचं काम अमेरिकेत बऱ्याच अंशी चर्चच्या संस्था करत होत्या, त्यामुळे घर शोधून देणारे, नोकरीला नेणारे, मुलांना शाळेत घालणारे लोक चर्चचे. काही घरं तेव्हा ख्रिस्ती झाली. त्यात पुन्हा अडचण अशी की अपार्टमेंटमध्ये डुक्कर कापायचं कुठे, कागद जाळायचे कसे, विधी जाणणारे गुरू दोन-तीन शहरं सोडून. तरीही जुना धर्म तिथे संपला नाही, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये मिएन लोकांनी वर्गणी काढून राजा पानचं मंदिर बांधलं.

चीनमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे परदेशी माणसाला धर्मप्रचार करायला बंदी, २०१८ पासून लागू झालेले धर्मविषयक नियम आणखी कडक, आणि याओंचा जुना धर्म मात्र ‘सांस्कृतिक वारसा’ म्हणून सरकार पुढे आणतंय, दहाव्या चांद्रमहिन्याच्या सोळाव्या दिवशी राजा पानचा उत्सव, नाच, पर्यटक. व्हिएतनाममध्ये याओंना दाओ म्हणतात, २०१९ मध्ये ते जवळपास ९ लाख होते. तिथल्या उत्तरेच्या डोंगरात मिशनरी पोचू शकत नव्हते तेव्हा मनिलाहून येणाऱ्या रेडिओने ते काम केलं, आधी ह्मोंग आणि मग काही दाओ गावं त्यातून ख्रिस्ती झाली, आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी त्यांना त्रासही बराच दिला. म्हणजे एका देशात ख्रिस्ती होणं म्हणजे मदतीचा हात धरणं, तर दुसऱ्या देशात तेच पोलिसांची नजर ओढवून घेणं. त्यामुळे ‘याओ लोक ख्रिस्ती का होतात’ याचं एक उत्तर कुणी देत असेल तर आधी विचारा, कुठल्या देशातले, कुठल्या गटातले, कुठल्या सालातले.

घरोघरी हा प्रश्न आज कसा सुटतो? जिथे भाऊ जास्त तिथे त्यातल्या त्यात सोपं, एक भाऊ यादी आणि देव्हारा सांभाळतो, दुसरा चर्चला जातो, पूर्वजांची आबाळ होत नाही. खरी अडचण एकुलत्या मुलाची. त्याने चर्च धरलं आणि म्हातारे आई-वडील जुन्या धर्मातच असतील, तर त्यांच्या अंत्यविधीला गुरू बोलवायचा की पाद्री, डुक्कर कोण देणार, प्रेताला वाट दाखवणारे मंत्र म्हणायचे की नाही, हे सगळं त्यालाच ठरवावं लागतं, आणि दोन्ही बाजूचे नातेवाईक समोर बसलेले असतात. मिशनरीसुद्धा आता फार वेळा मिएनच असतात, कॅलिफोर्नियातल्या मिएन चर्चमधले लोक थायलंड-लाओसच्या गावांत जातात, भाषा तीच, लिपी तीच, समोर बसलेला कधी सख्खा चुलतभाऊ. आणि त्याच कॅलिफोर्नियातून मिएन लोक पूर्वजांच्या गावांचा शोध घेत ग्वांगशी-ग्वांगतुंगला राजा पानच्या उत्सवाला जातात, तिथे यादीतल्या नावांवरून कूळ जुळवतात, आणि परत येताना जुन्या पोथ्यांच्या झेरॉक्स घेऊन येतात.